आवडतीचा महाल

आमच्या घरातली समुद्राकडची खोली ही माझ्या आईची. गेल्या वर्षीच्या आषाढात आई गेली. तरी खोलीला आम्ही सगळे ‘आजीची खोली’ असेच म्हणत राहिलो. तिचा चार खांबांचा शिसवी पलंग, खुंटीवरची माळ, कोनाड्यातला बाळकृष्ण, यांतले काहीच कोणी हलवले नव्हते. बोर्डीच्या आमच्या बाजूच्या घरांना समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. रात्री सुरूच्या झाडांतून वारा वाहू लागला की त्या खोलीत पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. पाहुणे दचकून जागे होतात. आईला मात्र त्याच आवाजाने झोप लागत असे.

आणि आईच्या कुशीत आमच्या शेंडेफळाला. वर्षाची झाल्यापासून ती आजीजवळ निजायची. आजी गेल्यावर ती मुकाट्याने उशी घेऊन आमच्या खोलीत आली आणि आम्हां दोघांच्या मध्ये झोपू लागली. सहा-सात महिने असे गेले. मग एके दिवशी मी आणि सौभाग्यवतीने ठरवले की मुलगी आता सात वर्षांची झाली. तिने स्वतंत्र निजायला शिकले पाहिजे. स्वावलंबन, आत्मविश्वास वगैरे शब्द मी त्या वेळी वापरले. खरे कारण मात्र माझे टेबल हे होते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रात्री तपासतो. आणि दिवा चालू ठेवला की मुलगी कूस बदलत राहते. सबब मुलीची सोय म्हणून जे ठरले ते मास्तरांच्या सोयीसाठी ठरले, हे इथे कबूल केलेले बरे.

मुलीने फारशी कुरकूर केली नाही. एकच अट घातली : “खोली राजकन्येची पाहिजे.”

राजकन्येची म्हणजे कशी, ते आईने तिला फोनवर दाखवले होते. गुलाबी भिंत; तिच्यावर चिकटवायचा मोठा कागदी राजवाडा; त्याच्यापुढे पाच गोऱ्यापान राजकन्या; पलंगाला झिरझिरीत पडदा; छताला चांदण्या. “साडेतीन हजारांत सगळं येतं,” सौभाग्यवतीने आधीच चौकशी करून ठेवली होती. मी म्हटले, “बोर्डीत राजवाडा? आपल्याकडे चिकूच्या वाड्या आहेत, इराण्यांचे बंगले आहेत, बारडाच्या डोंगरात बाहरोटची लेणी आहेत. राजा कुठला झाला इथे?” ती म्हणाली, “फ्रान्समधला चालेल म्हणत्येय ती.”

आता माझ्यासारख्या माणसाला गप्प बसवत नाही. मी त्या चित्राचा पंचनामा सुरू केला. ही निळ्या झग्यातली सिंड्रेला. तिच्या काचेच्या बुटाची आणि भोपळ्याच्या गाडीची गोष्ट पेरो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1697 साली छापली. ही हिमगौरी, ती जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या 1812 सालच्या संग्रहातली. डिस्नेने हिमगौरीवर 1937 साली, सिंड्रेलावर 1950 साली आणि झोपलेल्या राजकन्येवर 1959 साली चित्रपट काढले. तोवर या मुली आपापल्या गोष्टीत सुखाने नांदत होत्या. 2000 च्या सुमारास त्या कंपनीच्या ध्यानात आले की सगळ्यांना एकत्र उभे केले तर दप्तर, चादर, डबा, भिंत, काहीही विकता येते. आणि गंमत अशी, की या पाच जणी शेजारी शेजारी उभ्या असतात, पण एकीचीही नजर दुसरीकडे नसते. एक आकाशात बघते, एक खाली, एक आपल्याच पंख्याकडे. मी कुठेसे वाचले आहे की ही रीत मुद्दाम ठेवलेली आहे. प्रत्येकीने आपल्याच गोष्टीत राहायचे, दुसरीच्या गोष्टीत शिरायचे नाही. जत्रेतल्या फोटोवाल्याकडेसुद्धा माणसे यापेक्षा एकमेकांना चिकटून बसतात.

हे व्याख्यान मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग गुलाबी रंग कधी आणायचा?”

मी शेवटचे अस्त्र काढले. सौभाग्यवतीला म्हटले, “अगं, आपण बोर्डीची माणसं. लहान मुलांच्या खोलीविषयी या गावाला कोणी शिकवायला नको.” आणि ते खोटेही नव्हते. ताराबाई मोडकांनी 1945 साली ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले ते याच गावी. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर इथेच आल्या. कोसबादची टेकडी पुढची. वाडीवस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांनी आपल्याकडे यावे म्हणून बाई वाट पाहत बसल्या नाहीत. फळा, खेळणी उचलून त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली, आणि तिचे नाव झाले अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हे नाव आमच्या किनाऱ्यावरून साऱ्या देशात गेले. माझ्या आईचे माहेर आणि सासर दोन्ही बोर्डीचे. ती चार वर्षांची असताना त्या बालवाडीत जात असे, आणि म्हातारपणी सगळे विसरायला लागली तरी शंखशिंपल्यांची तिथली खेळणी विसरली नव्हती.

“आणि मारिया माँटेसोरींचं मत काय होतं ठाऊक आहे?” मी पुढे रेटले. “अगदी लहान मुलांना पऱ्या-राजकन्यांत गुंतवू नये, त्यांच्या हातात खरी वस्तू द्यावी. रोममध्ये 1907 साली त्यांनी पहिलं बालगृह काढलं, तिथं मुलांच्या उंचीची टेबलं होती, खुर्च्या होत्या. पण राजवाडा नव्हता.”

“आणि भिंतीवर काय होतं?” सौभाग्यवतीने विचारले.

इथे मी अडखळलो. कारण त्यांनी भिंतीवर राफाएलचे मेरीमातेचे चित्र लावले होते. खुर्चीत बसलेली आई आणि तिच्या मिठीतले बाळ.

“आणि ताराबाईंचे ते गुजराती गुरू? गिजुभाई?” ती एवढ्यावर थांबली नाही. “त्यांनी तर मुलांसाठी राजाराणीच्या गोष्टींची पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, असं तुम्हीच सांगता. आणि आई रोज रात्री हिला आटपाट नगर सांगायच्या, तेव्हा कुठं होत्या तुमच्या माँटेसोरीबाई?”

प्राध्यापकाच्या बायकोला नवऱ्याची जुनी व्याख्याने पाठ असतात. हा या व्यवसायातला मोठाच धोका आहे.

तरी मी हार मानली नाही. माझ्या डोक्यात एक नवी कल्पना आली होती आणि ती मला स्वतःला फारच आवडली होती. राजकन्याच हवी ना? मग परदेशी कशाला? आम्ही डहाणू-तलासरीची माणसे. म्हणजे वारली चित्रांच्या माहेरची. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातची रेघ जपान-जर्मनीपर्यंत पोचली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या आधी, ही चित्रे कागदावर येण्यापूर्वी, ती काढत असत घरच्या बायका, आणि तीही लग्नाच्या वेळी. कुडाच्या भिंतीवर गेरू सारवायचा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करायचा, आणि सवाशिणींनी भिंतीवर चौक लिहायचा. चौकटीला नक्षीच्या पट्ट्या. मध्ये पालघट देवी. भोवती झाडे, माणसे, जनावरे. चौकाशिवाय लग्न नाही. धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते, तीही बाईच. वधूच्या घराची इतकी देखणी सजावट आपल्या उंबरठ्याशी असताना आपण साडेतीन हजारांचा कागद चिकटवावा?

मुलीला मी पुस्तकातला चौक दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. नाचणाऱ्या माणसांचा वेटोळा तिला आवडला. हातात हात घालून सगळे तारपेवाल्याभोवती फिरत होते. मग म्हणाली, “बाबा, यांना डोळे नाहीत.”

“नसू देत. एकमेकांचा हात धरलाय ना?”

“मग रात्री माझ्याकडे कोण बघणार?”

हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले.

आमच्या वाडीत चिकू काढायला एक वारली बाई येते. मला आठवते तेव्हापासून येते. आईच्या बरोबरीची, मी तिला मावशी म्हणतो. ती आणि तिच्या सुना लग्नाघरी चौक लिहितात हे मला ठाऊक होते. एका दुपारी ती ओट्यावर पाणी प्यायला बसली असताना मी विषय काढला. खोली दाखवली, भिंत दाखवली. गेरू मी आणतो, पीठ घरात आहे, मजुरी सांगशील ती देतो, म्हटले.

मावशीने भिंतीवरून हात फिरवला आणि विचारले, लग्न कोणाचे?

मी हसून सांगितले की लग्न कोणाचे नाही, पोरीच्या खोलीची शोभा करायची आहे.

तिच्या बोलीतले तिचे शब्द मला जसेच्या तसे उतरवता येणार नाहीत. अर्थ असा होता. चौकात देवी येऊन बसते. तिला बोलवायचे तर तिच्यापुढे लग्न लागले पाहिजे. उगाच बोलवून, बस आता इथे आणि बघ पोरीला झोपताना, असे देवीला सांगता येत नाही. ज्याचे लग्न त्याची भिंत. मग थोडे थांबून ती म्हणाली, झाडे-पाखरे हवी असतील तर काढून देते, त्याला काही नाही. पण चौक नाही.

मी त्या कोऱ्या भिंतीपुढे मास्तर असून विद्यार्थ्यासारखा उभा होतो. लोककला आणि तिचे प्रयोजन हा विषय मी वर्गात कित्येक वर्षे शिकवत आलो आहे. विधीपासून तोडली की कला शोभेची वस्तू होते, असे वाक्य मी मुलांना उतरवून देतो, आणि मुले ते परीक्षेत मला परत देतात. आणि मीच पालघट देवीला माझ्या मुलीच्या पलंगावर टांगायला निघालो होतो. पाच गोष्टींतल्या पाच मुली उचलून एका कागदावर चिकटवणाऱ्या कंपनीत आणि माझ्यात फरक कितीसा होता? ती निदान आपल्या मालाला गेरूचा रंग देऊन साजूकपणाचा आव आणत नाही.

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. मावशीने तिला जवळ बोलावून विचारले, तुला काय पाहिजे? मुलीने फोनवरचा राजवाडा दाखवला. मावशीने तो डोळ्यांशी धरून नीट पाहिला. राजकन्यांकडे बोट दाखवून तिने विचारले, या बहिणी का? मुलगी म्हणाली, नाही. मग एका घरात कशा? मुलीला उत्तर सुचले नाही. मावशी हसली, तिच्या डोक्यावरून हात फिरवून पुन्हा वाडीत गेली.

त्या रात्री मी पेपर तपासत होतो. मुलगी आमच्याच खोलीत होती; झोपली असावी असे मला वाटले. एकदम अंधारातून आवाज आला, “बाबा, नावडतीला वेगळं ठेवतात ना?”

मी लेखणी खाली ठेवली.

आईच्या गोष्टी मला ठाऊक आहेत. मीही त्यांवरच वाढलो. श्रावणातल्या कहाण्यांत राजाला दोन राण्या असतात. आवडती महालात राहते. नावडतीला महालाबाहेर काढतात. मग तिला देव पावतो, आणि शेवटी राजा तिला घरी आणतो. मी साहित्याचा अभ्यासक म्हणून या कहाण्यांची रचना पाहिली आहे. गोष्ट ऐकणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला स्वतःचे नाव कुठल्या राणीपुढे लिहावे लागेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता. आजी गेली; मग आईबाबांनी सांगितले की तू आता आमच्याजवळ नको. दादाला त्याची माळ्यावरची खोली हवीहवीशी वाटून त्याने मागून घेतली होती. हिला न मागता देत होतो. आणि म्हणून तिला महाल पाहिजे होता. गुलाबी भिंत पाहिजे होती, चांदण्या पाहिजे होत्या, रात्री आपल्याकडे बघणारे कोणीतरी डोळ्यांचे पाहिजे होते. आवडतीचीच खोली ती, हे चारचौघांना दिसेल असे पाहिजे होते.

“कोण म्हणालं तुला?” मी विचारले.

“कोणी नाही.” आणि थोड्या वेळाने, “तुमचे पेपर किती राहिले?”

दुसऱ्याच रविवारी आम्ही वापीला जाऊन राजवाडा आणला. मी एक शब्द बोललो नाही.

खोली सजवण्याचे काम आठवडाभर चालले. गुलाबी रंगाचा पहिला हात दिला तेव्हा घरात कोणी बिटाची कोशिंबीर सांडल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या हाताने तो जरा माणसांत आला. नवा पलंग घेण्याचा सौभाग्यवतीचा बेत होता. तिथे मुलीने पाय रोवले. आजीचा पलंग हलवायचा नाही. “अगं, राजकन्येचा पलंग असा असतो का?” आई म्हणाली. मुलगी म्हणाली, “याला चार खांब आहेत की.” खरेच की. फोनवरच्या पलंगाला जो झिरझिरीत पडदा होता, त्यासाठी आमच्या पलंगाला पिढीजात व्यवस्था होती. बोर्डीत मच्छरदाणीवाचून कोण झोपले आहे? आईची मच्छरदाणी बादलीत गुलाबी रंग कालवून बुडवली. ती कुठे गडद, कुठे फिकी अशी निघाली, आणि मुलगी म्हणाली की ढग अस्सेच असतात.

गादीवर आईच्या लुगड्यांची गोधडी तशीच ठेवली. अँडरसनच्या 1835 सालच्या गोष्टीतली राजकन्या वीस गाद्यांच्या तळाशी ठेवलेला वाटाणा टोचला म्हणून रात्रभर जागी राहते आणि त्यावरून ती अस्सल ठरते. आमच्या राजकन्येच्या अंथरुणात मला चिकूच्या चार बिया आणि एक शिंपला सापडला; तिला कशाचाच पत्ता नव्हता. त्या कसोटीला ती उतरत नाही.

राजवाडा चिकटवायचा तेव्हा मी स्टुलावर चढून तो छातीभर उंचीवर धरला. “एवढा ठीक?” मुलगी खालून म्हणाली, “मला फक्त दगड दिसतायत.” मी उतरलो आणि तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसलो. खरेच तिला तटबंदीचे दगड तेवढे दिसत होते. राजकन्यांच्या हनुवट्या दिसत होत्या. बसल्या बसल्या मी खोली पाहिली. विजेचे बटण आकाशात होते. कोनाड्यातला बाळकृष्ण दिसतच नव्हता. या घरात मी पंचेचाळीस वर्षे राहिलो; पण या उंचीवरून ते पाहिल्याला चाळीस तरी होऊन गेली होती. आईची एक आठवण मनात आली. त्या बालवाडीतला फळा इतका खाली होता, ती सांगे, की बसूनसुद्धा त्यावर रेघोट्या ओढता येत. मोठ्या बाईंना मात्र लिहायला वाकावे लागे.

राजवाडा दीड हात खाली आला. बाळकृष्ण कोनाड्यातून निघून खिडकीच्या पट्टीवर बसला. आणि राजवाड्याच्या खालचा जमिनीपर्यंतचा पट्टा मी फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवून मुलीला दिला. गुलाबीखाली काळा! सौभाग्यवतीने डोळे मिटून घेतले. पहिल्याच संध्याकाळी त्या काळ्या पट्टीवर खडूने माणसे उमटली : दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर वाटोळे डोके. मावशीने काढून दाखवली होती म्हणे, चिकूच्या झाडाखाली, मातीत. पण या माणसांना मुलीने मोठमोठे डोळे काढले होते, पापण्यांसकट.

मग पाऊस आला. समुद्राकाठच्या घरांत पावसाळ्यात भिंतीला लोणा लागतो. रंगाचे पोपडे सुटतात, कागदाची काय कथा. आषाढात राजवाड्याचा एक बुरूज सुटून लोंबू लागला. श्रावणात हिमगौरी कमरेत वाकली. भाद्रपदात एका सकाळी पाहिले तर सिंड्रेला जमिनीवर होती. मला वाटले, आता रडारड. मुलीने ती उचलली, डिंकाने खालच्या काळ्या पट्टीवर चिकटवली, नाचणाऱ्यांच्या वेटोळ्यात, दोघांच्या मध्ये. हाताच्या जागी खडूने दोन लांब रेघा ओढून शेजाऱ्यांचे हात तिला धरायला लावले. बाकीच्या चौघींची तिथे यायची वाट पाहणे चालू आहे.

आणखी एक सांगायचे राहिले. मुलगी त्या खोलीत एकटी निजते, असे मी वर कुठे म्हटलेले नाही. पहिल्या रात्री तिने झोपण्यापूर्वी खोलीचा कोपरान्‌कोपरा पाहिला आणि म्हणाली, “बाबा, तुमचं टेबल इथे मावेल.” मी म्हटले, “राजकन्येच्या महालात मास्तरांचे टेबल?” ती म्हणाली, “राजाचं.” दुसऱ्या दिवशी मी आणि तिच्या दादाने ते टेबल उचलून आणले. तेव्हापासून उत्तरपत्रिका इथेच तपासतो. मच्छरदाणीतून दिव्याचा उजेड गुलाबी होऊन तिच्या अंगावर पडतो. आणि ज्या कारणासाठी तिला आमच्या खोलीतून हलवले, तेच कारण तिच्या उशाशी रात्री अकरापर्यंत बसलेले असते. झोप मोडत नाही का, असे मी एकदा विचारले. तिने उत्तर दिले नाही, झोपली होती.

दिवाळीसाठी भिंतींना पुन्हा रंग द्यायचा आहे. गुलाबीच का, असे मी अजून विचारलेले नाही. हे लिहीत असताना सुरूंचा आवाज वाढला आहे, भरती असावी. मच्छरदाणीच्या आतून आत्ताच हुकूम झाला : “बाबा, आज पुरे. दिवा मालवा.”

मालवतो.